सरबताचा डाग आणि कंपनीतली बाटली

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की मुस्लिम घरांत दोन कामं सोबतच सुरू होतात. एक इबादतीचं आणि दुसरं साफसफाईचं. रात्री तरावीहची नमाज, जागरण, कुरआनचं पठण. दिवसा पडदे धुणं, पंखे पुसणं, माळ्यावरचे डबे खाली काढून घासणं. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी शेजारच्या घरात जी लगबग असते तीच ही. फरक इतकाच, की हे सगळं रोजा ठेवून, घशाला कोरड पडलेली असताना करायचं असतं.

या लगबगीत एका वस्तूला शेवटपर्यंत कुणी हात लावत नाही. हॉलमधला सोफा. चादर काढून धुता येते, पडदा भिजवता येतो, जमिनीवर बादलीभर पाणी ओतता येतं. सोफा ना भिजवता येतो, ना पिळता येतो, ना गच्चीवर वाळत टाकता येतो. आणि महिनाभर सगळ्यात जास्त सोसलेलं असतं त्यानंच. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या फ्लॅटमध्ये हॉल म्हणजे दहा-बारा फुटांची खोली. संध्याकाळी तिथेच दस्तरखान अंथरला जातो, सोफा भिंतीला सरकवला जातो, आणि अजान होताच मुलं हातात सरबताचा पेला घेऊन त्याच सोफ्यावर चढतात. लाल सरबत, भज्यांचं तेल, हलीमचा रस्सा, खजुराचा चिकटपणा, तरावीहनंतरचा चहा, चांदरातीची मेंदी आणि ईदच्या सकाळचं अत्तर, या सगळ्यांची नोंद तो सोफा ठेवतो.

अलीकडे या यादीत शेजारच्या सणांचीही भर पडली. 2024 साली धुळवड 25 मार्चला आली आणि 2025 साली 14 मार्चला. दोन्ही वेळा रमजान चालू होता. 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला झाली. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच सोफ्यावर श्रीखंडही सांडलं आणि शिरखुर्माही. तेव्हा आजचा विषय एका धर्माच्या घरापुरता नाही.

हे कापड आहे तरी काय?

हल्ली बहुतेक घरांतला सोफा मायक्रोफायबरचा असतो. दुकानात त्याला कुणी ‘सुएड’ म्हणतं, कुणी ‘मखमल’, कुणी नुसतं ‘मायक्रो’. हात फिरवला की मऊ लागतो, एका दिशेनं फिकट दिसतो, उलट दिशेनं गडद. हे कापड जनावराच्या कातड्याचं नाही आणि रेशमाचंही नाही. ते पॉलिएस्टरचं असतं, कधी पॉलिएस्टरमध्ये नायलॉन मिसळलेलं. 1970 साली जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोटो या शास्त्रज्ञानं असा अतिशय बारीक धागा वापरून कातड्यासारखं दिसणारं कापड तयार केलं. ते पुढे ‘अल्ट्रास्वेड’ या नावानं जगभर गेलं आणि त्याचेच स्वस्त भाऊबंद आज आपल्या हॉलमध्ये आहेत.

धागा किती बारीक? अंबरनाथ ते बदलापूर हे रेल्वेनं साधारण आठ किलोमीटरचं अंतर. त्याहून थोडा लांब, नऊ किलोमीटरचा धागा काढून तराजूत ठेवला तर त्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, तेव्हा त्याला मायक्रोफायबर म्हणतात. असे असंख्य धागे दाटीनं उभे असतात, म्हणून कापडावर मऊ लव दिसते. सांडलेला थेंब सुरुवातीला या लवेवरच थांबतो. तो टिपला तर निघतो. घासला तर धाग्यांच्या फटींतून आत उतरतो.

दुसरी गोष्ट अशी, की पॉलिएस्टर हे पेट्रोलियमपासून बनतं. त्याचं पाण्याशी पटत नाही, पण तेलाशी चांगलं जमतं. त्यामुळे पाणी-साखरेचे डाग त्याच्यावरून सहज निघतात आणि भज्याचं तेल, तूप, अत्तर मात्र मुक्काम ठोकतात. इथेच माणूस वैतागतो, आणि इथेच आपल्या पट्ट्यातला एक धोकादायक उपाय पुढे येतो.

‘कंपनीतून थोडं आणलंय’

अंबरनाथला रसायनं नवी नाहीत. ‘विम्को नाका’ हे नाव ज्या कंपनीवरून पडलं ती आगपेट्या बनवायची. धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना तर एमआयडीसी जन्माला येण्याच्याही कितीतरी आधीचा. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे मोरिवली, आनंदनगर, तिकडे बदलापूरची वसाहत असा पसारा वाढत गेला. औषधं, रंग, रसायनं, इंजिनीअरिंग. इथल्या किती घरांत कुणीतरी शिफ्टला जातं, हे सकाळी सातच्या आधी स्टेशनबाहेर उभं राहिलं की कळतं.

अशा गावात डागावरचा उपाय दुकानात शोधला जात नाही. तो डब्याच्या पिशवीतून घरी येतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडा थिनर, थोडा टोल्युईन, थोडा ॲसिटोन. ‘मशीनवरचं ग्रीस यानं एका फटक्यात जातं, सोफ्याचं तेल काय चीज आहे!’ शेजाऱ्यालाही त्यातलं अर्धं दिलं जातं. मनात वाईट काही नसतं. पण कंपनीत जे सुरक्षित असतं ते घरात तसं राहत नाही, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, सोफ्याचं नुकसान. कापडाखाली फोम असतो आणि तो चिकटवलेला असतो. ॲसिटोन, टोल्युईन, थिनर हे पदार्थ चिकटद्रव्य विरघळवतात आणि फोम फुगवतात. वरचा डाग जाईलही, पण त्या जागी कापड सुटून पोकळ होतं किंवा रंगच उडतो.

दुसरं, आग. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. टोल्युईनची वाफ जेमतेम 4 अंश सेल्सिअसला. आपल्या मार्च महिन्यात तर खोलीत तीस-बत्तीस अंश असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत स्वयंपाकघरापर्यंत जाते. रमजानच्या दुपारनंतर स्वयंपाकघरात काय चालू असतं? कढई. हॉलमध्ये काय असतं? अगरबत्ती, लोबान. शेजारच्या घरात देवापुढची समई. ठिणगीला धर्म नसतो. आणि सोफ्याच्या फोमनं एकदा पेट घेतला की त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असू शकतो. त्या धुरातून बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त छळतं. ती बाटली पाण्याची असते. रंगहीन द्रव, वर पाण्याच्या कंपनीचं लेबल, जागा ओट्यावर किंवा सोफ्यामागे. दिवसभराचा रोजा असलेल्या माणसाचा हात अजान होताच सगळ्यात आधी पाण्याकडे जातो. खजूर तोंडात, नजर मशिदीच्या आवाजाकडे, खोलीत संधिप्रकाश. लहान मूल तर रोजा नसतानाही दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. त्यासाठी एकच नियम: पिण्याच्या बाटलीत पिण्याखेरीज दुसरं काहीही भरायचं नाही. ॲसिडही नाही, फिनेलही नाही, थिनर तर नाहीच.

समजा कुणी चुकून प्यायलंच, तर उलटी करायला लावू नये. असा द्रव उलटी होताना फुप्फुसात उतरला तर त्रास अधिक वाढतो. मिठाचं पाणी, दूध, तूप असले उपायही नकोत. 108 वर फोन करावा, आणि रुग्णालयात जाताना ती बाटली सोबत न्यावी. आत काय होतं हे डॉक्टरांना सांगता आलं पाहिजे. ‘कंपनीचं नाव येईल’ या भीतीनं गप्प बसू नये.

आणि घरात अशी बाटली आधीच असेल तर ती मोरीत ओतून मोकळं होऊ नका. ज्या खात्यातून आणली तिथेच परत द्या. सेफ्टीवाल्यांना तिचं काय करायचं ते माहीत असतं. मोरीत ओतलेलं कुठे जातं, ते पुढे येईलच.

पहिली पाच मिनिटं

मग डाग काढायचा कसा? निम्मं काम पहिल्या पाच मिनिटांत होतं आणि त्याला पैसा लागत नाही. सरबत सांडलं की पांढरं सुती फडकं घ्यावं. जुनी बनियन चालेल, गंजीफ्रॉक चालेल, पण पांढरंच. रंगीत फडक्याचा रंग ओल्या सोफ्याला लागू शकतो. फडकं डागावर ठेवून तळहातानं दाबावं, उचलावं, कोरडी बाजू करून पुन्हा दाबावं. घासू नये. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावं, म्हणजे डाग पसरत नाही. घट्ट पदार्थ असेल, म्हणजे हलीम, शिरखुर्मा, श्रीखंड, तर आधी चमच्याच्या कडेनं अलगद उचलून घ्यावा.

त्यानंतर सोफ्याची चिठ्ठी पाहावी. कंपनीच्या सोफ्याला गादीखाली किंवा तळाशी छोटी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर इंग्रजी अक्षर असतं. ‘डब्ल्यू’ असेल तर साबण-पाणी चालतं. ‘एस’ असेल तर पाणी नको, स्पिरिटसारखा लवकर उडून जाणारा द्रव वापरायचा. ‘डब्ल्यू-एस’ म्हणजे दोन्ही चालतात. ‘एक्स’ असेल तर घरी फक्त कोरडा ब्रश किंवा व्हॅक्यूम, बाकी काम जाणकाराकडे.

पण आपल्याकडचे किती सोफे चिठ्ठीवाले? उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून माप देऊन, कापड निवडून सोफा बनवून घेण्याची आपली रीत. तो कारागीर लाकूड कापतो, फोम बसवतो, कापड ताणून पिना मारतो. चिठ्ठी लावणं त्याच्या कामात नसतं. म्हणून सोफा घेताना त्याच कापडाचा वीतभर तुकडा मागून घ्यावा. कतरण पडलेलीच असते, कुणी नाही म्हणत नाही. पुढे कुठलाही उपाय आधी त्या तुकड्यावर करून पाहता येतो. तुकडा नसेल तर सोफ्याच्या पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर करून पाहावं. पूर्ण वाळू द्यावं. रंग फडक्यावर उतरला, जागा कडक झाली किंवा कडेला वर्तुळ उमटलं, तर तो उपाय पुढच्या बाजूला करायचा नाही.

साबण, पाणी आणि स्पिरिट

साबण-पाण्याचा उपाय सोपा आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्याचा लिक्विड साबण अर्धा चमचा. ढवळून फेस काढायचा आणि वापरायचा तो फेसच. फडकं फेसात बुडवून घट्ट पिळायचं, डागावर दाबायचं. मग नुसत्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं साबण टिपून घ्यायचा. साबण मागे राहिला तर तिथे धूळ चिकटते आणि महिनाभरात तीच जागा पुन्हा काळी दिसते.

पाणी जास्त झालं की एक नवाच डाग तयार होतो, पाण्याचा. थेंब वाळताना त्याच्या कडा आधी वाळतात, आतलं पाणी कडेकडे सरकतं आणि सोबत मळ, साबण, क्षार घेऊन जातं. म्हणून कडेला गडद वर्तुळ उमटतं. बशीखाली चहाचं वर्तुळ राहतं ते याच कारणानं. 1997 साली शास्त्रज्ञांनी हे गणितानं मांडून दाखवलं. आपल्याकडे ज्या सोसायट्यांना बोअरवेलचं जड पाणी येतं तिथे हे वर्तुळ ठळक उमटतं. अशा घरांनी या कामापुरतं प्यायचं, गाळलेलं पाणी वापरावं. लागतं ते वाटीभरच.

तेलकट आणि शाईच्या डागांना स्पिरिट उपयोगी पडतं. इथे स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. एमआयडीसीतले कामगार ज्याला ‘आयपीए’ म्हणतात तेच. ते कंपनीतून आणायचं नाही. मेडिकलच्या दुकानात 70 टक्क्यांची सीलबंद, लेबल असलेली छोटी बाटली मिळते. ते पाण्यापेक्षा लवकर उडतं, त्यामुळे वर्तुळ उमटण्याची भीती कमी. स्प्रेच्या बाटलीनं डागापुरते दोन-तीन फवारे मारावेत आणि लगेच पांढऱ्या फडक्यानं टिपावं. फडक्यावर मळ दिसला की घडी बदलावी. पंधरा-वीस मिनिटांत जागा वाळते आणि हाताला कडक लागते. घाबरू नये. कोरड्या मऊ ब्रशनं, न वापरलेला दातांचा ब्रशही चालेल, गोल गोल हलका हात फिरवला की लव पुन्हा उभी राहते.

आयपीएसुद्धा पेट घेतं, हे विसरायचं नाही. गॅस बंद, अगरबत्ती बंद, खिडक्या उघड्या आणि पंखा आधीपासूनच चालू. काम इफ्तारच्या स्वयंपाकाच्या वेळी करायचं नाही. सकाळी करावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वासही जातो. दम्याच्या रुग्णाला आणि लहान मुलांना त्या खोलीत बसवू नये. करोनाच्या काळातलं उरलेलं सॅनिटायझर मात्र वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, जेलमध्ये घट्ट करणारे पदार्थही असतात. ते सोफ्यावर चिकटून राहतात.

काही वाचक विचारतील, अल्कोहोल म्हटल्यावर मुस्लिम घरात ते वापरावं का? आयसोप्रोपिल ही पिण्याची दारू नाही. ते प्यायलं तर विष आहे. अनेक उलेमा साफसफाईसाठी असा वापर करायला हरकत घेत नाहीत, काही जण टाळायला सांगतात. ज्यांना टाळायचं आहे त्यांनी साबणाचा फेस दोन-तीन वेळा वापरावा. वेळ जास्त लागेल, काम मात्र बरंचसं होईल.

प्रत्येक डागाची तऱ्हा वेगळी

लाल सरबत: रंग गडद असला तरी घाबरू नये. खाण्याचे रंग लोकर, रेशीम, नायलॉनला पक्के बसतात, पॉलिएस्टरला तितके नाही. थंड पाण्यात पिळलेल्या फडक्यानं लगेच टिपावं, मग फेस. वाळू दिलं तर साखरेची पुटं रंगाला धरून ठेवतात.

भजी, समोसा, हलीमचं तेल: आधी पाणी लावू नका. टिपून घ्या, त्यावर कॉर्नफ्लॉर किंवा साधी टाल्कम पावडर पसरा आणि तास-दोन तास तशीच राहू द्या. पावडर तेल ओढून घेते. ब्रशनं झाडून काढा, मग उरलेल्या सावलीवर फेस किंवा स्पिरिट.

शिरखुर्मा, श्रीखंड, दुधाचा चहा: गरम पाणी टाळा. उष्णतेनं दुधातली प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. आधी थंड पाणी, मग फेस, तुपाचा अंश राहिला तर शेवटी स्पिरिट.

हळद: साबण लावताच पिवळा डाग लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. कुंकू सांडल्यासारखं दिसतं. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो, एवढंच. हळद पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये चांगली विरघळते आणि उन्हात फिकी पडते. गादीचं कव्हर चेन उघडून निघत असेल तर साफ करून दोन दिवस सकाळच्या उन्हात ठेवावं.

मेंदी: चांदरातीला मुलीबाळी हातावर मेंदी काढून सोफ्यावर टेकतात. ओला ठिपका पडला तर चमच्यानं उचलावा आणि लगेच थंड पाण्यानं टिपावं. इथे उशीर महागात पडतो, कारण कापडात नायलॉन असेल तर मेंदी त्याला हाताच्या कातडीसारखीच रंगवते. सगळ्यात बरं म्हणजे त्या रात्री सोफ्यावर जुनी चादर टाकावी.

धुळवडीचा कोरडा रंग: पाणी लावणं ही इथे हमखास फसगत. रंग कोरडा असेपर्यंत तो निव्वळ धूळ असतो. आधी झटकावा, व्हॅक्यूमनं ओढावा, कोरड्या ब्रशनं काढावा. पाणी लागलं की त्याच धुळीचा रंग होतो.

अत्तर आणि केसांचं तेल: सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकतं तिथे हा काळपट पट्टा दिसतो. स्पिरिट, टिपणं, ब्रश, आणि हे दोन-तीनदा. एका दिवसात सगळं काढायचा हट्ट नको.

च्युइंगगम आणि मेणबत्तीचं मेण: बर्फाचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवावा. कडक झालं की चमच्यानं तुटून येतं. इस्त्री फिरवू नये, पॉलिएस्टरची लव उष्णतेनं वितळून चकाकते आणि ती चकाकी पुन्हा जात नाही.

कोणताही डाग असो, संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच हे दोन्ही सोफ्यापासून लांब ठेवा आणि एकमेकांपासूनही. दोन्ही एकत्र आले तर क्लोरिन वायू निघतो. कारखान्यात ज्या वायूसाठी सायरन वाजतो, तो आपण बादलीत तयार करतो.

बाळ, आजी आणि पाकी

घरात तान्हं बाळ असेल तर सोफ्यावर आणखी एक डाग पडतो आणि तो पाकीचा, म्हणजे धार्मिक शुद्धतेचा प्रश्न होतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबा सोफ्यावर बसूनच नमाज पढतात. लघवी आधी कोरड्या फडक्यानं पूर्ण टिपावी. मग स्वच्छ पाणी थोडं थोडं टाकून तीनदा टिपून घ्यावं, दर वेळी नवं फडकं. वासासाठी पाण्यात समप्रमाणात मिसळलेला पांढरा व्हिनेगर आधी तुकड्यावर तपासून लावता येतो. पूर्ण वाळल्यावर वर स्वच्छ जानमाज अंथरावी. मसल्याचे बारकावे आपल्या इमामसाहेबांना विचारावेत. पण फोम पूर्ण वाळणं आरोग्यासाठीही गरजेचं आहे. आत ओल राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात बदलापूर-अंबरनाथच्या हवेत ती महिनोन्‌महिने जात नाही. मोठी सफाई करायची असेल तर ती या कोरड्या दिवसांतच उरकावी.

वाटीभर पाणी पुरतं

वजू करताना पाणी जपून वापरा, वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरीही, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मायक्रोफायबरला ही शिकवण जशीच्या तशी लागू पडते. बादलीभर पाण्यानं त्याचं नुकसान होतं, वाटीभर पाण्यानं काम होतं.

आणि आपल्यासमोर नदी आहे. अंबरनाथच्या डोंगरातून येणारी वालधुनी 1060 सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या अंगाला लागून वाहते, उल्हासनगरमधून पुढे जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. मंदिर बांधणाऱ्यांनी ती जागा निवडली तेव्हा तिचं पाणी ओंजळीत घेण्यासारखं असणार. आज तिच्या काळ्या पाण्याबद्दल आपण कारखान्यांना बोल लावतो आणि ते चुकीचं नाही. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस टँकरनं त्या पात्रात रसायन सोडलं तेव्हा उल्हासनगरमधल्या शेकडो माणसांना मळमळ आणि श्वासाचा त्रास झाला होता. पण घराघरातली मोरीही शेवटी त्याच नाल्यांकडे जाते. टँकर अडवणं आपल्या हातात नसेल. थिनरची बाटली मोरीत न ओतणं नक्की आहे. स्पिरिट लागलेलं फडकंही गॅलरीत, स्वयंपाकघरापासून लांब पूर्ण वाळू द्यावं, मगच कचऱ्यात टाकावं.

सांडणाऱ्याला काय म्हणावं?

डागाची एक बाजू साबणानं निघत नाही. सरबत सांडलं की घरातला आवाज चढतो. मूल आपलं असेल तर थप्पड बसते, पाहुण्याचं असेल तर ‘असू दे, असू दे’ म्हणताना चेहरा पडतो. मग पुढच्या इफ्तारला प्लास्टिकचं कव्हर येतं आणि ‘सोफ्यावर नको, खाली बस’ हे वाक्य येतं. पाहुणे पुढच्या वर्षी येतात, पण घाईनं उठतात.

मदिनेच्या मशिदीतला एक प्रसंग सगळ्या मुस्लिम घरांत सांगितला जातो. वाळवंटातला एक साधा माणूस आला आणि त्यानं मशिदीतच लघवी केली. लोक संतापून त्याच्यावर धावले. पैगंबरांनी त्यांना थांबवलं, त्या माणसाचं होऊ दिलं, त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितलं आणि मग त्याला शांतपणे समजावलं, की ही जागा कशासाठी आहे. मशिदीसारख्या ठिकाणी जे चाललं, ते आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये चालायला हरकत नसावी. आधी माणूस सावरायचा, मग जागा.

म्हणून इफ्तारला दस्तरखानाशेजारी खजुराच्या ताटलीइतकंच सहज एक पांढरं फडकं ठेवून द्यावं. कुणाच्या हातून काही सांडलं तर ज्याला जवळ पडेल त्यानं फडकं दाबावं आणि गप्पा पुढे चालू ठेवाव्यात. ईदला दार उघडं असतं, शेजारी येणार, कंपनीतले दोस्त येणार, त्यांची पोरं शिरखुर्म्याची वाटी घेऊन सोफ्यावर उड्या मारणार. मारू द्या. तेवढं साफ करायला पुरेसं सामान घरातच आहे. फक्त कंपनीतली ती बाटली ईदच्या आधी घरातून गेलेली असू द्या.